प्राचीन नाणी जमवायची आहेत? आधी 'कशासाठी' ते ठरवा, मग 'कितीत' : सीमाभागातल्या नव्या संग्राहकांसाठी

"जुनी नाणी जमवायला सुरुवातीला किती पैसे लागतात?" बेळगाव, खानापूर, निपाणीकडे हा छंद सुरू करू पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. एका आकड्यात याचं उत्तर देता येत नाही. कोल्हापूर भागात सातवाहन काळात राज्य करणाऱ्या 'कुर' राजांची शिशाची नाणी घ्या. एका बाजूला डोंगर आणि झाड, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण, आणि ब्राह्मीत राजाचं नाव: विळिवायकुर, शिवलकुर. धातूच्या हिशोबात त्यांना मोडीचाही भाव नाही. सोन्यात पैसे घालणाऱ्याला ती फुकट दिली तरी नको असतील. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या मुलखात कोणाचं नाणं चालत होतं हे ज्याला हातात धरून बघायचं आहे, त्याला त्यांच्याइतकं मोलाचं दुसरं काही नाही. नाणं तेच, माणसं दोन. म्हणून पैशाचा विचार दुसऱ्या क्रमांकावर ठेवा.

पहिली पायरी: घरात काय आहे ते बघा

बाजारात जाण्याआधी देवघर, लक्ष्मीपूजनाची थैली आणि आजीचा डबा उघडा. आपल्या भागातल्या जुन्या घरांतून तांब्याची शिवराई हमखास निघते. 'श्री राजा शिव' एका बाजूला, 'छत्रपति' दुसऱ्या बाजूला. शिवाजी महाराजांनंतरही हा पैसा दीर्घकाळ पाडला गेला, त्यामुळे घरातली प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली नसते. पेशवाईतली दुदांडी शिवराई वजनाला हलकी आणि अक्षरवळणाने वेगळी असते. घरात पुतळ्यांची माळ असेल तर त्या पुतळ्याही नीट पाहा. पुतळीचा मूळ नमुना म्हणजे व्हेनिसचा सोन्याचा डुकाट. पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारातून तो आपल्याकडे आला आणि सोनारांनी त्याच्या नकला घडवल्या. त्यामुळे माळेत अस्सल डुकाट, जुनी नक्कल किंवा अलीकडची घडण, यांपैकी काहीही असू शकतं.

घरातल्या नाण्यांना चिंच, लिंबू किंवा भांडी घासायची पावडर लावू नका. लखलखीत केलेलं नाणं जाणकाराच्या दृष्टीने खराब झालेलं असतं. शतकानुशतकं तांब्यावर बसलेला तपकिरी-हिरवा थर एकदा गेला की परत येत नाही.

आणि काही नाण्यांचा नाद पहिल्याच दिवशी सोडा. हनुमान किंवा राम-सीता छापलेले, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १६१६, १८१८ असलं साल कोरलेले तांब्याचे गोल तुकडे गावोगाव फिरतात. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नाही. 'तांदूळ ओढणारं नाणं' म्हणून लाखो रुपये मागणारे लोक असलेच तुकडे दाखवतात, आणि त्यात शेतजमिनी विकून बसलेली कुटुंबं आहेत. रामदरबाराची जुनी रामटंका ही पूजेची वस्तू आहे. ती आदराने देवघरात ठेवावी, पण चलनी नाणं म्हणून विकत घेऊ नये.

दुसरी पायरी: स्वतःला दोन प्रश्न विचारा

समोर दोन नाणी आहेत, भाव सारखाच. एक झिजलेलं, पण कोणत्या जुन्या संग्रहातून आलं, कधी विकलं गेलं याचे कागद असलेलं. दुसरं देखणं, पण कुठून आलं याचा पत्ता नसलेलं. कोणतं घ्याल? दुसरा प्रश्न: हे नाणं पुढे कधीच विकता येणार नाही असं कुणी सांगितलं, तरी घ्याल का?

झिजलेल्याकडे हात गेला तर तुमची ओढ इतिहासाची आहे. देखण्याकडे गेला तर रूपाची. दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं तर मनात गुंतवणूक आहे, आणि ते स्वतःशी स्पष्ट केलेलं बरं. बहुतेकांच्यात दोन-तीन हेतू मिसळलेले असतात. त्यातला मुख्य कोणता, एवढंच ओळखायचं.

इतिहासाची ओढ असणाऱ्याला सीमाभागासारखी जागा नाही. आज बेळगाव शहराच्या हद्दीत आलेल्या वडगाव-माधवपूरच्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती निघाली. खानापूर तालुक्यातली हलशी ही कदंबांची. गोव्याच्या कदंबांच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंह आणि सप्तकोटीश्वराचं नाव आहे, आणि त्यांच्यातल्या शिवचित्त पेरमाडीची राणी कमलादेवी हिच्या नावाचं देऊळ कित्तूरजवळ देगावला आजही उभं आहे. त्यानंतर देवगिरीचे यादव, विजयनगर, पंधराव्या शतकात बहमनी वजीर महमूद गवानने बेळगाव घेतल्यावर बहमनी, मग आदिलशाही, मग मराठे. 'आझमनगर गोकाक' (आझमनगर हे बेळगावचं जुनं नाव) असं टांकसाळीचं नाव असलेले मराठाकालीन रुपये तर या जिल्ह्याचंच नाव मिरवतात. एका जिल्ह्याच्या अंगणात एवढ्या सत्तांचा पैसा फिरला. 'आपल्या चार तालुक्यांत चाललेली नाणी' हा विषय एका आयुष्याला पुरून उरेल, आणि त्यातला मोठा भाग तांब्या-शिशाचा असल्यामुळे खिशालाही झेपेल.

मराठी वाचकाला इथे एक मोठी सोय आहे. विजयनगरच्या बऱ्याच नाण्यांवर नागरी अक्षरं आहेत. कृष्णदेवरायाच्या वराहावर, म्हणजे सोन्याच्या नाण्यावर, पुढे बाळकृष्ण आणि मागे 'श्री प्रताप कृष्ण राय' हे तुम्ही शाळेतल्या अक्षरओळखीवर वाचू शकता. ब्राह्मीची मुळाक्षरं महिनाभर रोज थोडा वेळ दिला तर बसतात, आणि मग सातवाहनांचं 'रञो' (म्हणजे 'राजाचं') दिसल्यावर जो आनंद होतो त्याला पैसे पडत नाहीत. आदिलशाहीसाठी फारसी अक्षरं ओळखायला शिकावं लागेल. कमी बजेटवाल्यांना माझा आग्रह आहे: पैसे नसतील त्या महिन्यात लिपी शिका.

रूपाची ओढ असणाऱ्याचं गणित वेगळं. त्याने वर्षाला एकच, पण डोळ्यांत भरणारं नाणं घ्यावं. चेहरे आवडत असतील तर पश्चिम क्षत्रपांचे, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांचे, चांदीचे द्रम्म ही उत्तम सुरुवात. वजन सुमारे २ ग्रॅम, पुढे राजाचा चेहरा, मागे तीन कमानींचा डोंगर, चंद्र-सूर्य आणि कडेने राजाचं व त्याच्या वडिलांचं नाव. कित्येकांवर चेहऱ्यामागे शक वर्ष कोरलेलं असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. एवढ्या जुन्या काळात नाण्यावर साल देणारे राजे फार थोडे. रोमन सम्राटांची उत्तरकालीन ब्राँझची नाणी आणि कुषाणांची तांब्याची नाणीही रूपाच्या शौकिनाला परवडण्यासारखी आहेत.

भक्तीने जमवणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हेतू मला कुणापेक्षा कमी वाटत नाही. महाराजांची शिवराई घरात असावी, ही भावना सीमाभागात कशी आणि का जपली जाते हे वेगळं सांगायला नको. त्यांना दोनच सूचना. पंचामृत, हळद-कुंकू आणि ओलसर फुलं तांब्याला खातात, म्हणून अभिषेकासाठी नक्कल वापरावी आणि मूळ नाणं कोरड्या जागी ठेवावं. आणि सोन्याचा शिवकालीन होन 'गावाकडच्या एका घरातून' स्वस्तात मिळतोय असं कुणी सांगितलं तर तिथूनच परत फिरावं. अस्सल होन मोजकेच ज्ञात आहेत आणि बनावट होन भरपूर आहेत.

गुंतवणूकवाल्यांना मात्र स्पष्ट सांगतो: प्राचीन नाणी त्यासाठी घेऊ नका. घेण्याचा आणि विकण्याचा भाव यांत मोठं अंतर असतं, बेळगावात गिऱ्हाईक सहज मिळत नाही, आणि पुणे-मुंबई-बंगळूरच्या लिलावात नाणं द्यायचं तर कमिशन आणि महिन्यांची वाट आलीच. सोनंच हवं असेल तर सराफाकडचं वळं घ्या, ते कुठल्याही गल्लीत मोडता येतं.

तिसरी पायरी: आता पैसा

महिन्याला पाचशे रुपये बाजूला काढता येत असतील तर तांबं आणि शिसं. साध्या शिवराया, बहमनी व आदिलशाही तांब्याची नाणी, विजयनगरचे तांब्याचे जितल, सातवाहनांची हत्ती आणि उज्जैन चिन्हाची (क्रॉसने जोडलेली चार वर्तुळं) पोटीन नाणी. पोटीन म्हणजे तांबं, कथील आणि शिसं यांची मिश्र धातू. यांच्या झिजलेल्या प्रती शेकड्यांत मिळतात.

महिन्याला दोन-अडीच हजार असतील तर चांदीत शिरता येतं. मौर्यकालीन आहत नाणी, म्हणजे चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापून त्यांवर एकेक ठसा मारलेले कार्षापण. मान ३२ रत्तींचं, म्हणजे सुमारे ३.४ ग्रॅम. पुढे पाच ठसे, त्यांत सूर्य आणि सहा बाहूंचं चिन्ह जवळजवळ नेहमीचं. गुप्ता आणि हार्डेकर या नाणेअभ्यासकांनी या पाच ठशांच्या जोड्यांना क्रमांक दिले आहेत, ते विकणाऱ्याला विचारा. सामान्य क्रमांक आणि दुर्मीळ क्रमांक यांच्या भावात फार फरक असतो, आणि नवखा माणूस दुर्मीळ नाण्याचे पैसे देऊन सामान्य नाणं घरी आणतो तो इथेच.

सोन्याला धातूचाच भाव तळाशी धरावा लागतो. विजयनगरचा वराह साधारण ३.४ ग्रॅमचा. त्याच्या निम्म्या आणि पाव वजनाची नाणीही आहेत, आणि सोन्याचं एक तरी प्राचीन नाणं हवं असणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाला ती जास्त योग्य. यादवांचे मध्ये कमळ असलेले पद्मटंक आणि कदंबांचे गद्याण हे वर्षभराची बचत खाणारे. ते पहिल्या दोन-तीन वर्षांत घेऊ नयेत, कारण तोवर डोळा तयार झालेला नसतो आणि चुकीचा फटका मोठा बसतो.

कमी पैशात चांगलं नाणं मिळवण्याचा एक मार्ग फार कमी जण वापरतात. भोक पाडलेली, किंवा मागे डाग देऊन कडी लावल्याची खूण असलेली नाणी घ्या. बाजार अशा नाण्याचा भाव एकदम पाडतो. रूपाच्या शौकिनाने ती टाळावीत हे बरोबर. पण इतिहासाची ओढ असणाऱ्याला ते भोक म्हणजे त्या नाण्याच्या आयुष्याचा पुढचा भाग आहे: कुणाच्या तरी गळ्यात, बाळाच्या ताइतात ते गेलं. त्याला तेच नाणं स्वस्तात मिळतं आणि सांगण्यासारखं जास्त मिळतं.

पहिल्या वर्षाच्या पैशांतला चांगला तिसरा हिस्सा नाण्यांवर खर्चूच नका. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, दहापट दाखवणारं भिंग, एक-दोन चांगली पुस्तकं आणि प्रवास. कोल्हापूरचं टाउन हॉल संग्रहालय, धारवाडला कर्नाटक विद्यापीठातलं कन्नड संशोधन संस्थेचं संग्रहालय, मुंबईत रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. पुढे अभ्यास वाढला तर नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था आहेच. पहिली दोन ठिकाणं बेळगावहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी.

चौथी पायरी: पारख

लोहचुंबक आधी. प्राचीन सोनं, चांदी, तांबं, शिसं चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे, विषय संपला.

मग पाण्यातलं वजन. हे घरी जमतं. आधी नाणं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही असं हाताने धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने कोरड्या वजनाला भागा. समजा वराह ३.४० ग्रॅम आहे आणि पाण्यात आकडा ०.१८ आला, तर घनता १८.९. शुद्ध सोन्याची १९.३, शिशाची ११.३, चांदीची १०.५, तांब्याची ८.९. सोन्यासारखं दिसणारं नाणं ९ च्या आसपास आलं तर ते मुलामा दिलेलं तांबं किंवा पितळ. दोन सावधगिऱ्या: २ ग्रॅमच्या नाण्यात एका शतांश ग्रॅमनेही उत्तर बरंच हलतं, म्हणून तीन-चारदा मोजा आणि नाण्याला चिकटलेले बुडबुडे काढा. शिवाय जुन्या सोन्यात चांदी-तांबं मिसळलेलं असू शकतं, तेव्हा १६-१७ आल्याबरोबर नाणं खोटं ठरत नाही.

त्यानंतर भिंग. ठोकून पाडलेल्या नाण्याची अक्षरं धारदार असतात, कडेला ठोक्याने पडलेल्या चिरा दिसतात. साच्यात ओतलेल्या नकलेत पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे, मऊ पडलेली अक्षरं आणि कडेवर घासून काढलेली जोडरेघ दिसते. पण नियम आंधळेपणाने लावू नका. सातवाहनांच्या पोटीन नाण्यांत मुळातच ओतून केलेली आहेत, तिथे जोडरेघ असणं स्वाभाविक. सगळ्यांत पक्की खूण म्हणजे जुळी नाणी. हाताने ठोकलेल्या दोन नाण्यांची कड, चीर, एका बाजूला सरकलेली छाप कधीच हुबेहूब एक नसते. विकणाऱ्याच्या डब्यात तसं जुळं दिसलं तर दोन्ही खाली ठेवा आणि त्याच्याकडची इतर नाणीही घेऊ नका.

नव्या साच्यावर ठोकून पाडलेल्या चांगल्या नकला मात्र वजनाने, घनतेने पकडल्या जात नाहीत. तिथे झेनो, कॉइनइंडियासारख्या संकेतस्थळांवरच्या चित्रसंग्रहांतली शेकडो नाणी पाहून तयार झालेला डोळाच उपयोगी. म्हणूनच महागडी खरेदी उशिरा करायची.

पाचवी पायरी: खरेदी आणि कायदा

शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरतं. घरी जमवायला बंदी नाही. पण विक्रीचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो आणि असं नाणं देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला परवानगी नाही. अमेरिकेतल्या भाच्याला आजोबांची शिवराई कुरिअरने पाठवणं हाही गुन्हाच. बेळगावहून कोल्हापूरला नेणं हा निर्यातीचा विषय नाही. प्रत्येक खरेदीचं बिल मागा, त्यावर नाण्याचं वर्णन आणि वजन लिहून घ्या. पुण्याच्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनांत परवानाधारक विक्रेते एकाच छताखाली भेटतात, तिथे पहिल्या दिवशी फक्त बघावं आणि दुसऱ्या दिवशी घ्यावं. लिलावात बोली लावताना कमिशन आणि जीएसटी धरून वरची मर्यादा आधी कागदावर लिहा. समजा कमिशन आणि कर मिळून वीस टक्के होत असतील, तर दहा हजारांची बोली बारा हजारांना पडते.

आठवडे बाजारात मातीसकट नाणी दाखवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. ती खोटी असतील तर पैसे गेले. खरी असतील तर कुठल्या तरी शेतातला किंवा गढीतला ठेवा फुटलेला आहे आणि तुम्ही त्या गुन्ह्याचे गिऱ्हाईक झालात. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत परवानगीशिवाय खणणं १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे, मग किल्ला असो वा देऊळ.

आणि शेत नांगरताना तुमच्याच जमिनीत मडकं लागलं तर? कर्नाटकात यासाठी १९६२ चा कायदा आहे, पलीकडे महाराष्ट्रात १८७८ चा. दोन्हीकडे जिल्हा प्रशासनाला कळवणं बंधनकारक आहे, आणि लपवलं तर कायद्याने मिळू शकणारा हिस्साही जातो आणि शिक्षाही होते. नाणी धुवू नका, भावाभावांत वाटू नका, मडक्याच्या खापऱ्याही टाकू नका. फोटो काढा, जागेची खूण ठेवा आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी द्या. हे मी एवढ्या कळकळीने का सांगतो, ते १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला सापडलेल्या ठेव्यावरून समजेल. क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी तिथे निघाली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याचा पराभव केला याचा एवढा ढळढळीत पुरावा ठेवा एकत्र राहिला म्हणूनच मिळाला. तीच नाणी मूठमूठ करून सराफांकडे गेली असती तर आटवणीत सगळी गेली असती.

सहावी पायरी: जपणूक आणि नोंद

खानापूर-बेळगावचा पावसाळा नाण्यांचा वैरी आहे. जून ते सप्टेंबर डबे हवाबंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि अधूनमधून बदला. स्वस्त मऊ प्लास्टिकचे अल्बम वापरू नका. पीव्हीसीतून सुटणारं आम्ल तांब्यावर हिरवा चिकट थर आणतं. शिशाची नाणी लाकडी कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात कधीच नकोत. लाकडाच्या आम्लवाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत अक्षरं नाहीशी होतात. शिसं विषारी आहे, हाताळल्यावर हात धुवा आणि लहान मुलांच्या हाती देऊ नका. तांब्यावर फिकट हिरवे, नखाने भुकटी होणारे डाग दिसले तर ते नाणं लगेच इतरांपासून वेगळं करा, शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात ठेवून पाणी बदलत राहा आणि पूर्ण वाळवूनच परत ठेवा.

प्रत्येक नाण्याला वहीत एक पान द्या. वजन, व्यास, धातू, दोन्ही बाजूंचं वर्णन, कोणाकडून, कधी, कितीला घेतलं, बिल क्रमांक. खिडकीशी सकाळच्या तिरप्या उजेडात पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. पाकिटावरचा आकडा आणि वहीतला आकडा एकच असू द्या.

ही वही कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला आत्ताच सांगून ठेवा. संग्राहक गेल्यावर वारसांना नाणी मिळतात, पण कोणतं शिसं मोडीत घालायचं नाही आणि कोणतं तांबं पूजेत ठेवायचं नाही हे सांगणारं कुणी उरत नाही. पहिल्या पानावर विश्वासू जाणकाराचा पत्ता, सगळ्यांत महत्त्वाच्या पाच नाण्यांचे क्रमांक, आणि संग्रह विकायचा की एखाद्या संग्रहालयाला द्यायचा याबद्दलची तुमची इच्छा, तारीख आणि सही घालून लिहा.